फेसाची साखर

सुपें हें गांव मराठ्यांच्या इतिहासांत दोन कारणांनीं प्रसिद्ध आहे. पुणें व सुपें हे परगणे भोसल्यांच्या जहागिरींत होते आणि शिवाजी महाराजांनीं आपले सापत्न मामा संभाजी मोहिते यांच्याकडून सुपें हस्तगत केलें, ही गोष्ट शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. दुसरें कारण इतकें जुनें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, आसपासच्या खेड्यांतील शेतकरी येथें जमले, त्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि हातीं लागतील ते कर्जरोखे जाळून टाकले. इंग्रज ग्रंथकार ज्यांना दख्खनचे दंगे म्हणतात त्यांचा आरंभ या गांवीं झाला.

आज त्याच बाजारांत वाण्याच्या दुकानीं गुळाची ढेप आणि साखरेचें पोतें हीं शेजारीं शेजारीं ठेवलेलीं दिसतात. हा शेजार आपल्याला फार जुना वाटतो, पण तो तसा नाहीं. गूळ पुरातन खरा, परंतु कारखान्यांत केलेली, दाणेदार, पांढरी आणि इथल्याच उसाची साखर या मुलुखांत येऊन अजून शंभर वर्षेंहि पुरतीं झालेलीं नाहींत. गूळ घ्यावा कीं साखर घ्यावी हा प्रश्न आपल्या गृहिणीला चहाच्या आणि पुरणाच्या निमित्तानें पडतो. तोच प्रश्न निराळ्या निमित्तानें युरोपांतील मद्यकारांना तीनशें वर्षांहून अधिक काळ पडत आलेला आहे. बीअर बाटलींत भरून बूच लावण्यापूर्वीं तींत थोडी साखर घालतात. बाटली उघडतांच जो फेस वर येतो तो या साखरेचा प्रताप असतो. ही साखर कोणती असावी? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

विषय मद्याचा आहे म्हणून कोणी सात्त्विक वाचकानें पान उलटूं नये. येथें मद्याची भलामण करावयाची नाहीं. शिवाय परवान्यावांचून घरीं मद्य करणें हा १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याप्रमाणें आपल्याकडे आजहि गुन्हा आहे, तेव्हां हा लेख वाचून कोणी पिंप मांडून बसण्याचें कारण नाहीं. परंतु साखर, आंबवण आणि माप या तिहींचा हा इतिहास आपल्या कौटिल्यापासून निघून नीरेच्या कालव्यापर्यंत येऊन पोंचतो, आणि त्यांत मनुष्याच्या बुद्धीचा एक चांगला धडा सांपडतो.

प्रथम ही क्रिया काय आहे तें पाहूं. मोड आणलेल्या सातूचा काढा हॉप्सच्या फुलांसह उकळून निववितात आणि त्यांत किण्व म्हणजे यीस्ट सोडतात. किण्व हा अतिसूक्ष्म सजीव पदार्थ आहे. तो काढ्यांतील शर्करा खातो आणि तिच्यापासून मद्यार्क व कर्बाम्ल वायु असे दोन पदार्थ उत्पन्न करतो. पिंप उघडें असल्यामुळें वायु उडून जातो आणि शेवटीं उरते ती सपक, निपचित बीअर. आतां हिच्यांत थोडी नवी साखर घालून बाटली घट्ट बंद केली, कीं तळाशीं राहिलेलें किण्व पुन्हां जागें होतें, ती साखर खातें आणि वायु उत्पन्न करतें. या खेपेस वायूला पळावयास वाट नसते. तो बीअरमध्येंच विरघळून राहतो, आणि बूच काढतांच बुडबुड्यांच्या रूपानें वर धांवतो. ही अवघी क्रिया वीस अंशांच्या आसपास उष्णमान असल्यास दोनएक आठवड्यांत पुरी होते.

आपल्या वैद्यकाला हा प्रकार अपरिचित नव्हता. द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट हीं औषधें ज्या घरांत नाहींत असें घर विरळा. यांत गूळ अथवा मध असतो, धायटीचीं फुलें असतात, आणि त्या फुलांबरोबर येणारें नैसर्गिक किण्व सर्व मिश्रण आंबवितें. तोंडाशीं धरलेली जळती काडी विझली तर आंत अजून वायु निघत आहे आणि आसव तयार झालें नाहीं, ही परीक्षा वैद्यमंडळी आजहि करतात. अपुरें आंबलेलें आसव बाटलींत भरलें तर बूच उडून भिंतीवर आपटतें, हा अनुभव पुष्कळ घरांत आलेला असेल. तो बीअरच्या फेसाचाच धाकटा भाऊ होय. शार्ङ्गधरानें तर प्रमाणहि बांधून दिलें आहे: जेथें विशेष सांगितलें नसेल तेथें एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ आणि गुळाच्या निम्मा मध घ्यावा.

त्याच्याहि फार पूर्वीं कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें. हा ग्रंथ शेंकडों वर्षें लुप्तप्राय होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हातीं पोथी आली आणि १९०९ सालीं तो छापून निघाला. त्यांत आसवासाठीं कंवठाचा गर, त्याच्या पांचपट फाणित आणि एक प्रस्थ मध असें माप आहे. मैरेय नांवाच्या मद्याला मात्र गूळ सांगितला आहे. याहून महत्त्वाची गोष्ट कोष्ठागाराच्या प्रकरणांत आहे. तेथें उसापासून होणाऱ्या पदार्थांची यादीच दिली आहे: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी. तेथून एकेक पायरी चढत स्वच्छ कणीदार शर्करेपर्यंत हा जिना जातो. कोणत्या कामाला कोणती साखर, हा विचार आपल्या पूर्वजांनीं किती बारकाईनें केला होता तें यावरून दिसतें. या जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्यांचीं नांवें पुढें साऱ्या जगभर हिंडलीं. शर्करा फारसी-अरबीमधून युरोपांत जाऊन तेथील प्रत्येक भाषेंत साखरेचें नांव झाली, आणि खंड हा शब्द कंद होऊन इंग्रजांचा कॅंडी झाला. बेल्जममधील मठवासी आपल्या बीअरमध्यें जी साखर घालतात तिला ते कांदी म्हणतात. तो आपला खंडच आहे.

परंतु बंद बाटलींत मुद्दाम साखर घालून फेस आणण्याची युक्ति निघावयास आणखी एक वस्तु हवी होती, ती म्हणजे दाब सोसणारी कांच. सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत जहाजांसाठीं लांकूड राखून ठेवण्याकरितां कांचेच्या भट्ट्यांत लांकूड जाळण्यास बंदी झाली आणि कांचकार दगडी कोळशाकडे वळले. त्या आंचेंत तयार झालेली बाटली जाड व बळकट निघाली. दुसरीकडे त्याच शतकांत बार्बाडोस आदि बेटांवरून इंग्लंडांत साखरेचा व मळीचा लोंढा येऊं लागला. ती साखर आफ्रिकेंतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमाची होती, हें येथें नमूद केल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. डिसेंबर १६६२ मध्यें ख्रिस्तोफर मेरेट या वैद्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक निबंध वाचला. तेथील द्राक्षमद्याचे व्यापारी मद्य तरतरीत आणि फसफसतें व्हावें म्हणून त्यांत साखर आणि मळी घालतात, असें त्यानें त्यांत सांगितलें आहे. हेतुपूर्वक घातलेल्या फेसाच्या साखरेचा इतका स्पष्ट लेखी उल्लेख त्यापूर्वींचा क्वचितच मिळेल. शॅम्पेनचा शोध दोम पेरिन्यों या फ्रेंच साधूनें लावला अशी एक लोककथा आहे; पण तो आपल्या मठांत १६६८ सालीं आला, मेरेटच्या निबंधानंतर सहा वर्षांनीं.

तथापि साखर घालणें निराळें आणि ती मोजून घालणें निराळें. मेरेटनंतर पावणेदोनशें वर्षें हें काम अंदाजावर चाललें होतें. शॅम्पेन प्रांतांतील तळघरांत वसंतऋतूची ऊब लागली कीं बाटल्या फुटूं लागत. एक फुटली कीं तिच्या धक्क्यानें शेजारची फुटे, आणि रांगाच्या रांगा नष्ट होत. कामकरी तोंडावर तारेचे मुखवटे चढवून आंत जात. यास उपाय सांपडला तो एका औषधें विकणाऱ्या गृहस्थाकडून. शालों गांवचा फ्रांस्वा नांवाचा रसायनज्ञ होता. त्यानें १८३६-३७ च्या सुमारास मद्यांत आधींच किती साखर शिल्लक आहे हें मोजण्याची रीत बसविली आणि वरून किती घालावी याचें कोष्टक तयार केलें. त्याच्या रीतीपासून निघालेला नियम आजहि चालतो: लिटरला सुमारें चार ग्रॅम साखर घातली म्हणजे एका वातावरणाइतका दाब वाढतो, शॅम्पेनला सहा वातावरणें हवीं म्हणून लिटरला चोवीस ग्रॅम. फ्रांस्वानें साखरेची जात बदलली नाहीं. माप तेवढें दिलें.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. साखर कोणती? या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि तीं पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं उत्तर देणारी जीभ नव्हती. शेत आणि सरकारी कर या दोघांनींच तें दिलें होतें. बव्हेरियांत १५१६ च्या फर्मानानें बीअरमध्यें सातू, हॉप्स व पाणी यांखेरीज कांहीं घालूं नये असें ठरविलें होतें; म्हणून तेथील मद्यकार साखरेला शिवले नाहींत आणि न आंबलेला ताजा काढाच राखून ठेवून तो बाटलींत घालूं लागले. इंग्लंडांत साखरेवर जकात आणि सातूवर कर, म्हणून भट्टींत साखर वापरण्यास दीर्घकाळ मनाई होती; १८४७ सालीं ती उठली आणि १८८० च्या कायद्यानें मद्यकाराला हवा तो माल वापरण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर वसाहतींतील उसाची साखर इंग्रजी पिंपांत राजरोस शिरली. बेल्जमच्या शेतांत बीट पिकतें. तेथें बीटाची साखर. अमेरिकेंत मका उदंड. पिष्टावर आम्लाची क्रिया करून त्यापासून शर्करा काढतां येते हें किर्खहॉफ यानें १८११ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें दाखविलें होतें. त्या विद्येवर पुढें अमेरिकेंत मक्यापासून द्राक्षशर्करा काढण्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले, आणि १९७८ च्या कायद्यानें तेथें घरगुती बीअरला मुभा मिळाली तेव्हां घरोघर मक्याची शर्कराच प्रमाण मानली जाऊं लागली. ज्याच्या शेतांत जी साखर, त्याच्या बाटलींत ती. मग प्रत्येकजण आपली ती उत्तम असें सांगूं लागला आणि दंतकथा निर्माण झाल्या: मक्याच्या शर्करेचे बुडबुडे बारीक, उसाच्या साखरेनें बीअरला आंबूस फळाची चव येते, इत्यादि.

किण्वाला मात्र यांतलें कांहीं ठाऊक नाहीं. लाव्हाझिए यानें १७८९ सालीं तराजू लावून दाखविलें कीं आंबतांना शर्करेचें द्रव्य नाहींसें होत नाहीं, तें मद्यार्क आणि वायु यांत वांटलें जातें. पाश्चर यानें पुढें सिद्ध केलें कीं ही वांटणी करणारा सजीव किण्व आहे; त्याचा बीअरवरील ग्रंथ १८७६ सालीं प्रसिद्ध झाला. आज आपल्याला असें सांगतां येतें कीं उसाची साखर ही द्राक्षशर्करा व फलशर्करा यांची जोडगोळी आहे, आणि किण्व आपल्या पाचक रसानें ती जोडी फोडूनच आंत घेतें. उसाची असो, बीटाची असो वा मक्याची असो, किण्वाच्या तोंडीं शेवटीं जवळजवळ तेंच अन्न पडतें. साखरेच्या वजनाच्या सुमारें निम्मा वायु होतो आणि जवळजवळ तितकाच मद्यार्क. बुडबुडा बारीक कीं मोठा हें वायूच्या प्रमाणावर आणि बीअरमधील प्रथिनांवर अवलंबून असतें. साखरेच्या कुळावर नाहीं. आंबूस चवीची दंतकथाहि अशीच. कोणी पिंपांतील निम्मा सातू काढून त्या जागीं साखर घालील तर बीअर पातळ आणि बेचव होईल यांत शंका नाहीं; पण फेसासाठीं लिटरला सहा ग्रॅम घातल्यानें तसें घडत नाहीं. केवळ दुधांतील शर्करेचा अपवाद सांगितला पाहिजे: ती बीअरच्या किण्वाला पचत नाहीं, म्हणून फेसाच्या कामीं ती निरुपयोगी आहे.

मग निवड उरलीच कोठें? ती उरते हिशेबांत. आणि हें समजण्यासाठीं सुप्याकडे परत यावें लागतें.

सुप्याच्या दंग्यानंतर वर्षभरांतच, १८७६ सालीं, दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. त्याच सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें काम हातीं घेण्यांत आलें आणि १८८५ सालीं तो वाहूं लागला. वीरच्या बंधाऱ्यापासून निघून तो पुरंदर व बारामती ओलांडून इंदापुराकडे जातो. त्याला पाणी पुरविण्यासाठीं भाटघरचें धरण बांधलें गेलें. बाजरी-ज्वारीच्या या रानांत उसाचा हिरवा पट्टा उमटला. सासवडकडील माळी मंडळी खालीं उतरून कालव्याच्या कडेनें मळे करूं लागली आणि गुऱ्हाळें पेटलीं. १९१४ सालीं दौंड-बारामती हा लहान रेल्वेफांटा सुरू झाल्यावर गुळाच्या ढेपा आगगाडीनें दूरच्या पेठांत जाऊं लागल्या. सुपें मात्र या पट्ट्याच्या वरच्या अंगाला राहिलें. कालव्याचें पाणी उताराने जातें, तें पठारावर चढत नाहीं. म्हणून ज्या बाजारांत शेतकऱ्यांनीं रोखे जाळले त्या बाजाराभोंवतालचें रान जिरायतच राहिलें, आणि खालच्या खोऱ्यांतला गूळ तेथें विकावयास येऊं लागला.

गूळ करणें ही कला आहे. गुळव्या उसाचा रस काहिलींत उकळतो, भेंडीच्या चिकट पाण्यानें मळी वर आणून काढून टाकतो, चुलीला चिपाडें घालून आंच संभाळतो, आणि पाक झाला कीं नाहीं हें थेंब पाण्यांत टाकून बोटांनीं ठरवितो. त्याच्या हातीं तापमापक नसतो. त्याची नजर हेंच त्याचें यंत्र. म्हणूनच कोणत्याहि दोन ढेपा सारख्या नसतात. शंभर भाग गुळांत ऊसशर्करा पासष्टांपासून पंच्याऐंशींपर्यंत असूं शकते. कांहीं भाग फुटलेल्या शर्करेचा, कांहीं पाण्याचा, कांहीं क्षारांचा. नवा गूळ कोरडा, पावसाळ्यांत तोच पाझरतो. पिवळा रंग यावा म्हणून हल्लीं कित्येक ठिकाणीं रसांत गंधकयुक्त रसायनहि टाकतात. खाण्याला या फरकानें बिघडत नाहीं. उलट त्यांतच गुळाची गोडी आहे.

साखरेची गोष्ट निराळी. १९३२ सालीं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, आणि थोड्याच वर्षांत इंदापूर तालुक्यांत कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. पुढें माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथें शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने निघाले. कारखान्याची साखर ही जवळजवळ शुद्ध ऊसशर्करा असते. तिच्यांत पाणी नाममात्र, क्षार नाममात्र. आज घेतलेली आणि पुढच्या वर्षीं घेतलेली साखर यांत किण्वाच्या दृष्टीनें फरक नाहीं.

आतां वीस लिटर बीअरचा हिशेब मांडून पाहूं. वीस अंश उष्णमानाला आंबलेल्या बीअरमध्यें लिटरमागें सुमारें पावणेदोन ग्रॅम वायु आधींच विरघळून राहिलेला असतो. साधारण फेसाला पावणेपांच ग्रॅम पुरतो. उरलेल्या तीन ग्रॅमांसाठीं, निम्म्याच्या नियमानें, लिटरला सहा ग्रॅम साखर. वीस लिटरांना १२० ग्रॅम. मक्याची शर्करा घेतली तर तिच्या स्फटिकांतच थोडें पाणी बांधलेलें असतें, म्हणून ती सुमारें १४० ग्रॅम लागते. मध घेतला तर त्यांत पांचवा हिस्सा पाणी धरून दीडशें ग्रॅमांच्या आसपास. आणि गूळ? ढेपेंतील आंबण्याजोगा भाग शेंकडा पंच्याऐंशी असेल तर १४० ग्रॅम, पंच्याहत्तर असेल तर १६०. ढेप कोणती हें बाहेरून कळत नाहीं. कमी पडला तर बीअर निपचित राहील, जास्त झाला तर फेस उतूं जाईल. वीस ग्रॅमांच्या चुकीनें सहसा बाटली फुटत नाहीं हें खरें. पण ही चूक एकटी येत नाहीं. पिंपांतील आंबवण पुरें होण्यापूर्वींच घाईनें बाटल्या भरल्या, तर शिल्लक राहिलेली शर्करा वरच्या साखरेंत मिळते. फ्रांस्वानें जी गोष्ट प्रथम मोजली ती हीच. म्हणून जाणते लोक घनतामापक नळी बीअरमध्यें बुडवून लागोपाठ दोनतीन दिवस आंकडा स्थिर आहे ना हें पाहतात आणि मगच बूच हातीं घेतात. साखरहि प्रत्येक बाटलींत चमच्यानें न टाकता थोड्या पाण्यांत उकळून, निववून, सर्व बीअरमध्यें एकदम मिसळतात. नाहींतर एक बाटली मुकी आणि दुसरी उडणारी निघते.

यांत आपल्या हवेचा विचार अवश्य करावा लागतो. वीस अंशांवर बेताचा असलेला बाटलींतील दाब चाळीस अंशांवर जवळजवळ दुप्पट होतो. सुप्याच्या माळावर वैशाखांत उष्णमान चाळिशीला भिडतें. युरोपांतील पुस्तकांतलें माप जसेंच्या तसें उचलून ती बाटली अशा दिवशीं पत्र्याच्या खोलींत ठेवणें म्हणजे संकटाला आमंत्रण देणें आहे. फुटलेल्या बाटलीची कांच डोळ्यांत गेली तर मग साखर कोणती होती याची चौकशी व्यर्थ होय.

हें सर्व आपल्या जिल्ह्यांतच एकदां प्रत्यक्षांत आलेलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं नारायणगांव येथें फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें द्राक्षमद्याचा कारखाना काढला आणि शॅम्पेनच्या रीतीनें, म्हणजे बाटलींतच दुसऱ्यांदा आंबवून, फसफसतें मद्य तयार केलें. तें परदेशीं ओमर खय्याम या नांवानें विकलें जाई. फ्रांस्वाचें कोष्टक अशा रीतीनें दीडशें वर्षांनीं जुन्नर-नारायणगांवच्या द्राक्षांना लागू झालें. तो कारखाना पुढें कर्जांत बुडाला, पण विद्या येथें आली ती राहिली; नाशिककडे आज त्याच रीतीचें मद्य होतें. बीअरच्या बाबतींत पुण्यांत २००९ पासून परवाना घेतलेल्या लहान भट्ट्या निघाल्या आहेत. पण तेथें फेस बहुधा बंद पिंपांत दाबानें वायु भरून आणतात, साखरेची गरज पडत नाहीं. ही युक्तिहि बीअरच्या भट्टींतूनच निघाली, हा योगायोग मौजेचा आहे. लीड्स येथील भट्टीच्या शेजारीं राहणाऱ्या प्रीस्टले यानें तेथील पिंपांवर तरंगणारा वायु पाण्यांत मिसळून पाहिला आणि १७७२ सालीं त्याची कृति छापली. आपला गोटी सोडा हा त्याचाच वंशज. बाटलींतील साखर उरली आहे ती मठांत, जुन्या घराण्यांत आणि जेथें कायदा परवानगी देतो तेथील घरांत. इंग्लंडांत १९६३ पासून घरगुती बीअरला परवाना लागत नाहीं. तेथें किंवा अमेरिकेंत वसलेल्या एखाद्या मराठी गृहस्थाला भारतीय वाण्याकडे गुळाची ढेप मिळते आणि ती बीअरमध्यें घालून पाहण्याचा मोह होतो.

त्याला काय सांगावें? फेसासाठीं साधी पांढरी साखर घ्यावी, कारण तिचा हिशेब ठाऊक असतो. गुळाची चव हवी असेल तर तो आरंभींच काढ्यांत घालावा. तेथें त्याला आंबावयास मोकळी जागा असते, चूक झाली तर वायु उडून जातो, आणि गुळाचा वास मात्र बीअरमध्यें राहतो. शेवटल्या सहा ग्रॅमांत गुळाची चव लागत नाहीं, अनिश्चितपणा मात्र सगळा पदरांत पडतो. शार्ङ्गधराचें आसव गुळाचें असे तेंहि याच कारणानें निभावलें: तें मोठ्या भांड्यांत पुरतें आंबून शांत झाल्यावरच बाटलींत जाई. यांत गुळाची निंदा नाहीं. ज्या वस्तूचें मोल तिच्या विविधतेंत आहे तिला तराजूच्या कामाला लावूं नये, इतकेंच.

नीरेच्या खोऱ्यानें हाच धडा आपल्या अंगावर घेतलेला आहे. कालवा आला तेव्हां पाणी हें वरदान समजून तें उसाला मुक्तहस्तें दिलें गेलें. पंचवीस वर्षांत जमिनी चोपण होऊं लागल्या, कडेला पांढरा क्षार फुलला. डॉ. हॅरोल्ड मॅन व तम्हाणे यांना १९१० सालीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पत्रिका लिहावी लागली. पाणी वाईट नव्हतें; तें मोजलेलें नव्हतें आणि त्याला निचरा नव्हता. वरच्या अंगाला सुप्याचें रान त्याच वेळीं त्याच पाण्यासाठीं तहानलेलें होतें.

चहांत किती चमचे साखर घालावयाची हें आपण जिभेवर सोपवितों आणि तें योग्यच आहे. तेथें चूक झाली तर घोट गोड लागतो एवढेंच. बंद बाटलींतील चूक मात्र कोपऱ्यांत, अंधारांत, आठवडेच्या आठवडे वाढत असते आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. सुप्याच्या बाजारांत आज ढेप आणि पोतें शेजारीं उभीं आहेत. दोन्हीं एकाच उसाचीं लेंकरें. पुरणासाठीं आपण ढेपेकडे हात करावा. जेथें आंत काय चाललें आहे हें पुढें दिसणार नाहीं, तेथें पोत्याकडे.